बेकारी वाढणार म्हणून हप्ता उतरणार

इंग्लंडमध्ये घर घेतलेली मराठी मंडळी भेटली की शाळांच्या प्रवेशानंतर विषय निघतो तो व्याजदराचा. भारतात आता बरीच गृहकर्जं रेपो दराशी जोडलेली असतात. रिझर्व्ह बँकेने दर हलवला की हप्ता नाहीतर मुदत हलते. इथे बहुतेक जण दोन किंवा पाच वर्षांसाठी व्याज बांधून घेतात, आणि मुदत संपली की नव्या दराने पुन्हा बांधतात. हा नवा दर मुख्यतः पुढच्या दोन-पाच वर्षांत बँक ऑफ इंग्लंड (इथली रिझर्व्ह बँक) काय करेल याबद्दल बाजाराने बांधलेल्या अंदाजावरून ठरतो.

त्यामुळे दर तीन महिन्यांनी येणाऱ्या तिच्या पतधोरण अहवालात मी आधी बेकारीचा आकडा शोधते. बेकारी वाढली की पगारवाढ मागायचं बळ जातं. पगार अडले की हॉटेलापासून केस कापण्यापर्यंत सगळ्या सेवांचे भाव मंदावतात, आणि २ टक्के महागाईच्या लक्ष्यासाठी दर चढे ठेवायची गरज उरत नाही. गंमत म्हणजे मुख्य अंदाज मांडताना बँक बाजाराने धरलेलाच दर गृहीत धरते. त्यातून बेकारी फार वर आणि महागाई लक्ष्याच्या बरीच खाली निघाली, तर बाजार समजून घेतो: आपण धरलेला दर बँकेला जास्त वाटतोय.

नोव्हेंबर २०२२ मध्ये हेच झालं. पंतप्रधान झालेल्या लिझ ट्रस यांच्या करकपातीच्या मिनी-बजेटने बाजार हादरलेला, आणि दर ५.२५ टक्क्यांपर्यंत जाईल असं धरून गृहकर्जं महागलेली. बँकेने दर २.२५ वरून ३ टक्के केला. तेव्हा बेकारी होती जेमतेम ३.५ टक्के. पण बाजाराच्या वाटेने गेलो तर २०२५ अखेरीस ती ६.५ टक्क्यांजवळ जाईल आणि तीन वर्षांनी महागाई शून्यावर येईल, असं अहवालात होतं. गव्हर्नर अँड्र्यू बेली यांनी तर उघडच सांगितलं की बाजार समजतो तेवढे दर वाढवावे लागणार नाहीत.

तरीही ऑगस्ट २०२३ मध्ये दर ५.२५ टक्के झालाच. आणि २०२५ संपताना बेकारी होती ५ टक्क्यांच्या थोडी वर.

त्याआधी २०१३ च्या ऑगस्टमध्ये तेव्हाचे गव्हर्नर मार्क कार्नी यांनी बेकारी ७ टक्क्यांवर येईपर्यंत दरवाढीचा विचारही करणार नाही असं जाहीर केलं होतं, काही अटी ठेवून. बँकेच्या अंदाजाने तो दिवस २०१६ च्या आधी येणार नव्हता. २०१४ च्या एप्रिलमध्येच आकडा ६.९ आला! तोवर बँकेने बेकारीची अट बाजूला ठेवलीही होती. पुढे दर हलला तो २०१६ मध्ये, तोही खाली. एका खासदाराने बँकेला बेभरवशाच्या बॉयफ्रेंडची उपमा दिली, ती अजून चिकटून आहे.

रिझर्व्ह बँक पतधोरणात विकासदर आणि महागाईचा अंदाज देते, बेकारीचा देत नाही. त्यामुळे तिकडच्या नातेवाइकांना हे सगळं चमत्कारिक वाटतं.

वर्क व्हिसावरच्या माणसाला मात्र या आकड्याची दोन्ही टोकं टोचतात. बेकारी वाढेल म्हटलं की स्वस्त कर्जाची आशा. पण नोकरी गेली तर दुसरा प्रायोजक (व्हिसाची हमी घेणारी कंपनी) शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. दर उतरणार असं सगळे सांगत असताना आम्ही पाच वर्षांचं व्याज बांधलं, ते यासाठीच. थोडं महाग पडलं. नवरा अजून कुरकुरतो.