नागपूर ते राजनांदगाव, जनरल डब्यातून

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका आजींचे धाकटे भाऊ राजनांदगावला वारले. आजींचे गुडघे गेलेत, एवढा प्रवास त्यांना झेपणार नव्हता. "पाळकसाहेब, माझ्या वतीने तुम्हीच जाऊन या," एवढंच त्या म्हणाल्या आणि मी निघालो. नगरहून नागपूरपर्यंत रात्रीची ट्रॅव्हल्स. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

नागपूरला कळलं की चैत्र नवरात्र लागलंय आणि अर्धं विदर्भ डोंगरगडला बम्लेश्वरीच्या दर्शनाला निघालंय. आरक्षण मिळणं शक्यच नव्हतं. राजनांदगावच्या यजमानांनी फोनवर गाडी पाठवायची तयारी दाखवली होती, पण मला रेल्वेनेच जायचं होतं. कारण ही वाट माझ्या लहानपणापासून ऐकण्यातली आहे.

1893 साली कवी नारायण वामन टिळक नोकरीच्या शोधात नागपूरहून राजनांदगावला याच मार्गाने गेले. डब्यात एक अनोळखी युरोपियन गृहस्थ होते. संस्कृत काव्यावरून दोघांच्या गप्पा सुरू झाल्या आणि निरोप घेताना त्या गृहस्थांनी टिळकांना बायबलचा नवा करार भेट दिला. टिळकांनी तो वाचायला घेतला आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबलेच. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आज मराठी मंडळ्यांमध्ये टिळकांच्या गीतांशिवाय उपासना होत नाही, पण डब्यातले ते गृहस्थ कोण होते हे टिळकांना कधीच कळलं नाही.

संडे स्कूलमध्ये ही गोष्ट आम्ही पुस्तकापासून सुरू करतो. पुस्तक दिलं, वाचलं, मन पालटलं. मला वाटतं, आपण ती अर्धीच सांगतो. त्या गृहस्थांनी पहिल्यांदा सरकून जागा दिली होती. राज्यकर्त्यांच्या जातीचा माणूस 1893 साली एका नेटिव्ह प्रवाशासाठी बाकावर सरकतो, त्याच्याशी त्याच्या आवडीच्या काव्याबद्दल बोलतो, आणि मग पुस्तक देतो. मी प्रवचनात हे कितीदा तरी बोललोय. जनरल डब्यात उभं राहिल्यावर ते वेगळंच कळतं.

कामठी गेलं, भंडारा रोड गेलं, तरी मी एका पायावर उभा. दरवाज्यापाशी पोत्यांची थप्पी, वर पाय सोडून बसलेली मुलं, घामाचा, अगरबत्तीचा आणि बिडीचा एकत्र वास. एक तरुण तीन माणसांच्या बाकावर आडवा झाला होता आणि समोर पोटुशी बाई उभी होती. दोघांनी सांगून पाहिलं, तो हलला नाही. अशा माणसांचा मला फार राग येतो. आपल्याकडे देवाला निघालेली माणसंही बाजूच्या माणसाला वाट देत नाहीत, हे लिहिताना वाईट वाटतं, पण ते खरं आहे.

तुमसर रोडला थोडी हालचाल झाली. खिडकीजवळच्या बाकावर चार बायका होत्या, कपाळभर कुंकू, पायात चपला नाहीत. त्यांतल्या वयस्कर बाईंनी आधी त्या पोटुशीला ओढून आपल्यात बसवलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"या ना जी, बसा. एक माणूस आणखी मावते."

मावत नव्हतं. तरी त्यांनी आपली पिशवी मांडीवर घेतली, शेजारणीला कोपराने ढोसलं आणि वीतभर जागा काढली. पिशवीत लाल चुनरीत गुंडाळलेला नारळ होता. तिरोड्याच्या आसपास त्यांनी डबा उघडला. शिंगाड्याच्या पिठाच्या वड्या. भंडारा-गोंदियाचा हा तळ्यांचा मुलूख, शिंगाडा घरचाच. त्यांचा नऊ दिवसांचा उपास. माझाही लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, चालू होता, मी दुपारपर्यंत काही खात नाही. बारा वाजून गेले होते. दोन वड्या मी खाल्ल्या. तुपात चांगल्या भाजलेल्या होत्या, वेलदोडा जरा जास्त पडला होता.

पाण्याची बाटली काढताना बॅगेतलं बायबल त्यांना दिसलं.

"तुमी चर्चवाले हाय का जी?"

"हो मावशी. पाळक आहे."

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग नातवाबद्दल सांगायला लागल्या. नऊ वर्षांचा आहे, त्याला सिकलसेल, रक्ताचा आजार. आमच्या मंडळीतही या आजाराचं एक कुटुंब आहे, त्यामुळे त्या सांगत होत्या ते मला ओळखीचं होतं. थंडी पडली की हातपाय धरून रडतो, रक्त चढवावं लागतं, शाळा बुडते. आईबापात दोघांतही तो दोष असला की मुलात आजार उतरू शकतो. सुनेला घरात ऐकून घ्यावं लागतं, म्हणून मावशींनी स्वतः दवाखान्यात बसून हे सगळं समजून घेतलं होतं आणि "दोघांचं बी आहे, एकटीचं नाही" असं घरात सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं. गोळ्या वेळेवर चालू आहेत का, पाणी भरपूर पितो का, एवढंच मी विचारलं. नवस त्याच्यासाठीच होता. त्या वयात हजारावर पायऱ्या अनवाणी चढणार होत्या. रोपवे आहे, पण तो त्यांना चालत नव्हता.

गोंदिया सुटल्यावर त्या म्हणाल्या, "तुमी बी त्याच्यासाठी म्हणा ना काही. तुमच्या देवाले."

पाळकाला हे रोजचं असतं. दवाखान्यात, बस स्टँडवर, लग्नाच्या मांडवात लोक म्हणतात "प्रार्थना करा" आणि आपण करतो. इथे मात्र मी क्षणभर थबकलो. 2025च्या जुलैत याच लाइनवर पुढे दुर्ग स्टेशनात केरळच्या दोन सिस्टर्सना, म्हणजे नन्सना, अटक झाली होती. धर्मांतराचा आणि मानवी तस्करीचा आरोप ठेवला होता, ऑगस्टमध्ये जामीन मिळाला. तेव्हापासून आम्ही पाळक मंडळी प्रवासात कसं वागायचं याबद्दल आपसांत बोलत असतो. गाडीत बायबल वाचायचं की नाही, असले प्रश्न या देशात मला पडावेत याचं मला दुःख होतं, आणि ते मी लपवणार नाही.

मी डोळे मिटले आणि हळू आवाजात प्रार्थना केली. त्या लेकराचं दुखणं कमी कर, त्याच्या आईचं मन सांभाळ, डॉक्टरांना शहाणपण दे, या आजीच्या पायात बळ दे. शेवटी "प्रभू येशूच्या नावाने" म्हटलं, कारण माझी प्रार्थना तशीच संपते आणि त्यांनी ती मागितली होती. डोळे उघडले तेव्हा मावशींचा एक हात नारळावर होता आणि दुसरा माझ्या मनगटावर. समोरच्या एका मुलाने मोबाइल वर धरला होता.

"काका, बायबलवाले का तुम्ही? गाडीत हे काय चाललंय?"

मी उत्तर देण्याआधीच मावशी उसळल्या. "मीच म्हणलं त्यायले. माझ्या नातवासाठी हाय. तुले का झालं? ठेव तो फोन खाली."

त्याने ठेवला. दरेकसाच्या जंगलातून गाडी जात होती तेव्हा तोच मुलगा मावशींची पोती दरवाज्याकडे सरकवून देत होता.

बॅगेत नव्या कराराच्या छोट्या प्रती होत्या, मी नेहमी ठेवतो. एकही काढली नाही. घाबरून नव्हे. मावशींनी प्रार्थना मागितली होती, पुस्तक नाही, आणि जागा देणाऱ्या त्या होत्या. डोंगरगडला आख्खा डबा रिकामा झाला. उतरताना त्या म्हणाल्या, "येतो जी. तुमाले बी सांगून ठेवते देवीले." मी त्यांना हात जोडले.

राजनांदगावला स्मरण-उपासना चांगली झाली. घरात मराठी, छत्तीसगढी, हिंदी तिन्ही बोलली जात होती, पण गीतं मागितली ती टिळकांची. 1893ची एखादी खूण सापडेल म्हणून मी स्टेशनात फिरलो, काही नाही. जेवण उत्तम, यजमान मायाळू, परतीला त्यांनी एसीचं तिकीट हातात ठेवलं. पडदा ओढलेल्या त्या डब्यात नागपूरपर्यंत माझ्याशी कोणीही एक शब्द बोललं नाही.

घरी आल्यावर महिन्याचा अहवाल भरायला बसलो. बाप्तिस्मे, लग्नं, अंत्यविधी, घरभेटी असे रकाने आहेत. मावशींना मी घरभेटीत धरलंय. चर्चच्या पंच कमिटीने विचारलं तर सविस्तर सांगेन.

तरुण संघाची सहल ठरते आहे. मुलांचं महाबळेश्वर चाललंय, मी नागपूर-राजनांदगाव सुचवलंय. पालकांना मे महिन्यातला विदर्भ नको आहे, ते मला पटतं, दिवाळीनंतर न्यायला मी तयार आहे. जनरल डब्याबद्दल मात्र मी मागे हटणार नाही.