चहाआधीचा तास

चहाला वेळ नसते, पण वेळेला चहा लागतो, असं ज्याने कुणी म्हणून ठेवलंय त्याला थायरॉइड नसणार. थायरॉइडवाल्यांच्या चहाला वेळ असते. गोळी घेतली की तिथून पुढे एक तास, मगच चहा. तोवर फक्त पाणी. ‘अनशेपोटी घ्यायची, तासभर काही खायचं-प्यायचं नाही,’ हे डॉक्टर चिठ्ठी फाडता फाडता सांगतात. पहाटे सहाला शेजारच्या ओट्यावर आलं ठेचल्याचा आवाज येतो तेव्हा कळतं, तासात साठ मिनिटं असतात ती किती लांब असतात.

आमच्या घरात अशा दोघी. मी आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई. मी कॉफीवाली, त्या चहावाल्या. त्यांचा चहा म्हणजे गवती चहाची पाती, आलं, आणि दूध इतकं की त्याला बासुंदीचा धाकटा भाऊ म्हणावं. तो त्या बशीत ओतून पितात आणि पहिला घोट पोटात गेल्याशिवाय कुणाशी धड बोलत नाहीत. त्यामुळे सहा ते सात आमच्या घरात संचारबंदी असते.

गोळी मात्र बघाल तर एवढीशी. पांढऱ्या प्लास्टिकच्या बाटलीत तळाशी खुळखुळत असते. झाकणात एक काढायला जावं तर सहा येतात, आणि बोट ओलं असेल तर बोटावरच विरघळायला लागते. त्या एवढ्याशा गोळीतसुद्धा औषध नावालाच. माझी पन्नास मायक्रोग्रॅमची आहे. मी एकदा हिशेब मांडला होता: चहात घालतो तेवढी चमचाभर साखर, साधारण चार ग्रॅम; तेवढं हे औषध जमवलं तर 80,000 गोळ्या होतील. रोज एक धरली तर दोनशे वर्षं उलटून जातील. बाकी गोळी म्हणजे सगळी भरताड. इतक्या कणभर औषधातलं आतड्यात थोडं जरी अडलं तरी फरक पडणार, हे हिशेब केल्यावर पटतं.

अडवतं कोण, तर कॉफी. 2008 मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी हे नीट तपासलं. तपासणार इटलीवालेच, सकाळी उठल्या उठल्या एस्प्रेसो घेणारी माणसं ती. काही रुग्णांचा थायरॉइड डोस वाढवूनही ताळ्यावर येत नव्हता. ते गोळी कॉफीबरोबर नाहीतर कॉफीच्या जरा आधी घेत होते. गोळी पाण्याबरोबर घेऊन कॉफी तासाभराने घ्यायला लावल्यावर फरक दिसला. कॉफीतलं काहीतरी औषधाला धरून ठेवतं आणि आतड्यातून रक्तात जाऊ देत नाही. गंमत म्हणजे दोष सगळा कॅफीनवर ढकलता येत नाही, त्यामुळे बिनकॅफीनची कॉफी आणून पळवाट काढायचा माझा बेत तिथेच बारगळला.

आईंना हे वाचून दाखवलं. चष्मा कपाळावर चढवून त्या म्हणाल्या, “कॉफी ना? मग ते तुझं तू बघ. माझा चहा आहे.”

वकील व्हायला हव्या होत्या. मी म्हटलं, “आई, तुमच्या चहात दूध किती असतं? दुधात कॅल्शियम. कॅल्शियम आणि ही गोळी यांचं पटत नाही. कॅल्शियमच्या गोळीत आणि हिच्यात तर चार तास ठेवायला सांगतात. लोहाच्या गोळीचंही तसंच.”

“मग कोरा चहा चालेल?”

“प्याल तुम्ही कोरा?”

विषय संपला.

खरं सांगायचं तर एखाद्या दिवशी चहा लवकर झाला म्हणून काही बिघडत नाही. गोळीतलं औषध म्हणजे थायरॉइडचंच संप्रेरक, आणि ते रक्तात निम्मं व्हायलाच आठवडाभर लागतो. डोस बदलला तरी टीएसएच, म्हणजे औषध कमी पडलं की वाढणारा रक्तातला आकडा, पुन्हा बघायला डॉक्टर सहा ते आठ आठवड्यांनी बोलावतात ते त्यासाठीच. पण रोज गोळीच्या पाठोपाठ चहा पीत राहिलं तर टीएसएच वर, म्हणून डोस वर. मग कुणीतरी नियम सांगतं, चहा पुढे सरकतो, आणि तोच वाढलेला डोस सगळाच्या सगळा अंगी लागून छातीत धडधडायला लागतं. माझं मत विचाराल तर घड्याळ लावून एक तास मोजण्यापेक्षा रोज एकाच पद्धतीने घेणं महत्त्वाचं. आई मात्र घड्याळवाल्या. सातला पाच कमी असताना आधण ठेवतात, सातच्या आधी गाळत नाहीत.

घरात ठीक चालतं, पंचाईत होते पाहुणे म्हणून गेल्यावर. रात्रीच्या गाडीने उतरून सकाळी कुणाच्या दारात उभं राहावं, पिशव्या खाली ठेवायच्या आत ट्रे समोर.

“नको वहिनी, आत्ताच गोळी घेतलीय.”

“अगं, अर्धाच कप. घोटभर.”

“तासाभराने घेते ना.”

“आमच्याकडचा चहा चालत नाही वाटतं!”

मग आतल्या खोलीतून त्यांच्या सासूबाईंचा आवाज येतो, “थायरॉइड का गं? कितीची आहे तुझी? माझी शंभरची.” चहा राहतो बाजूला आणि आमचं गोत्र जुळतं.

संकष्टीला वेगळाच प्रश्न होता. औषधाने उपास मोडत नाही, एवढ्यावर घरात एकमत आहे. पण चंद्रोदयापर्यंत आई चहावरच असतात, तेव्हा एरवीच्या दिवसापेक्षा गोळी आणि चहा यांच्यातलं अंतर त्या दिवशी जास्त काटेकोर. उपासाचे नियम सांभाळून औषधाचेही सांभाळायचे म्हणजे दोन सासवा झाल्या, असं त्या म्हणतात. मी हसायचं टाळते.

मागे एकदा त्या फारच कुरकुरल्या तेव्हा मी त्यांना जुनी गोष्ट सांगितली. ही गोळी नव्हती तेव्हा काय होतं? 1891 मध्ये इंग्लंडात न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे नावाच्या डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क काढून एका बाईला टोचला, आणि ती बाई पुढे अठ्ठावीस वर्षं जगली. थोड्याच दिवसांत लोक ती ग्रंथी हलकी तळून खायलाही लागले. आई माळकरी घरातल्या. थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “त्यापेक्षा चहा उशिरा बरा.”

परवा तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी तिसरी वाट दाखवली. गोळी रात्री झोपतानाही चालते. हॉलंडमध्ये 2010 साली तशी चाचणी झाली, आणि सकाळपेक्षा रात्री घेणाऱ्यांचे आकडे थोडे सरसच निघाले. फक्त जेवण होऊन तीन तास झालेले हवेत. आईंचे डोळे लकाकले. उठल्या उठल्या चहा! रिक्षात बसेपर्यंत त्यांनी मला दोनदा विचारलं की म्हणजे खरंच चालेल ना.

घरी येऊन हिशेब मांडायला बसलो. जेवण साडेनऊला, कारण ह्यांना ऑफिसातून यायलाच नऊ होतात. जेवणावर आईंची कॅल्शियमची गोळी. दहाला हळद घालून कपभर दूध, ते लग्नाआधीपासूनचं. दुधाचे धरले तर तीन तास, कॅल्शियमचे धरले तर चार.

“म्हणजे मी रात्री दीडला उठायचं?” आई म्हणाल्या. “आणि मग झोपमोड झाली म्हणून चहा करायचा?”

सध्या सहाचीच वेळ चालू आहे. दूध सोडायचं की नाही यावर त्यांचा विचार चाललाय.