ती रात्र कुठल्या कोठडीत?

अपील जन्मठेपेविरुद्धचं होतं आणि सगळी केस एका कबुलीजबाबावर उभी होती. प्रत्यक्षदर्शी कोणी नव्हता आणि पंच फुटलेले. मी तेव्हा ज्युनिअर. सिनिअरांनी पेपरबुक, म्हणजे अपिलासाठी खटल्याच्या निवडक कागदांचा बांधलेला संच, पुढ्यात टाकलं, "कबुलीचं बघ जरा."

वाचली, आणि खरं सांगतो, पटली. भांडण कशावरून झालं, कोयता कुठून आणला, नंतर हात कुठे धुतले, सगळं सरळ सांगितलेलं. तसं म्हटल्यावर सिनिअर वैतागले. "खरी आहे का, हे कुणी विचारलंय तुला? मनाने दिली का, ते शोध."

अपिलात हीच पंचाईत असते. न्यायदंडाधिकाऱ्यांनी निदान त्या माणसाचा चेहरा पाहिलेला असतो, आपल्यासमोर नुसते कागद. पोलिसांजवळ दिलेली कबुली पुराव्यात चालत नाही, म्हणून आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नेतात. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ प्रमाणे (नव्या संहितेत ते १८३ झालंय) त्यांनी आधी बजावायचं असतं की कबुली द्यायला तू बांधील नाहीस आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. शिवाय विचाराला वेळ द्यायचा. साधारणपणे किमान २४ तास, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली सरवन सिंगच्या निकालात म्हटलं आहे. आमच्या पेपरबुकात हे सगळं चोख होतं. पहिल्या दिवशी दुपारी ३.१० ला समज दिली, दुसऱ्या दिवशी ४ वाजता जबाब. खाली कबुली मनाने दिल्याचं न्यायदंडाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्रही.

मग मूळ रेकॉर्ड मागवलं. प्रश्न सायक्लोस्टाइल केलेले, उत्तरं पेनाने भरलेली. 'पोलिसांनी मारहाण, धमकी किंवा आमिष दिले काय?' त्यापुढे 'नाही'. सगळी होय-नाही एकाच वळणाची, बहुधा कारकुनाची. आरोपीचा म्हणून एक फरकटलेला अंगठा, बस्स. पानं उलटताना मध्ये अर्धा कागद सापडला. पेपरबुकात तो घेतलेलाच नव्हता. बिनमहत्त्वाचा वाटला असणार. दुसऱ्या दिवशी आरोपीला हजर करतानाचा रिपोर्ट होता तो. जावक क्रमांक पोलीस ठाण्याचा, आणि मजकूर: 'आरोपीस लॉकअपमधून काढून हजर करीत आहोत.'

आदल्या दिवशीचा आदेश तर न्यायालयीन कोठडीचा होता. न्यायदंडाधिकाऱ्यांनी साक्षीतही 'जेलमध्ये पाठवले' असंच सांगितलेलं, आणि मला वाटतं प्रामाणिकपणे. उलटतपासात मारहाणीवर चार प्रश्न होते, या रात्रीवर एकही नाही.

सुनावणीत सरकारी वकिलांनी कलम ४६३ काढलं: नोंदवण्यातली त्रुटी आहे, ती भरून काढता येते. ज्येष्ठ न्यायमूर्तींनी तो अर्धा कागद दोन बोटांत धरला. "लिहिण्यातली चूक भरून निघेल हो. पण ज्या पोलिसांच्या धाकातून याला बाहेर काढायचं, त्यांच्याच लॉकअपमध्ये याने विचार केला? रात्री हा माणूस कुठे होता, तेवढं सांगा."

बराच वेळ नुसती पानं वाजत होती.

दुसऱ्या दिवशी तुरुंगाचं रजिस्टर आलं. त्यात त्याची पहिली नोंद कबुलीनंतरच्या संध्याकाळची. पुढचा युक्तिवाद जेमतेम वीस मिनिटं चालला. कबुली बाजूला ठेवली आणि उरलं काय, तर ज्याच्या जप्तीचे पंच फुटले तो कोयता. संशयाचा फायदा मिळून आरोपी सुटला. साडेसात वर्षं आत काढली होती त्याने.

निकालाची प्रत घ्यायला त्याचा मुलगा आला. अकरावी-बारावीतला असेल. पानं चाळत म्हणाला, "साहेब, बापूंनी केलं नव्हतं, असं कुठल्या पानावर आहे?"

"तसं लिहिलेलं नाही यात," मी म्हणालो. "कबुली धरता येत नाही, एवढंच आहे. पान ३१."

त्याने पान ३१ काढलं आणि तिथेच बाकावर बसून वाचायला लागला.