पांढरी पाच, जरा वर

दुपारी गंगापूर रोडवरच्या आमच्या घरातले कुकर, टीव्ही, शेजारचं ड्रिल असे सगळे एकदाचे गप्प झाले की माझे कॉम्प्युटरचे स्पीकर बोलायला लागतात. गाणं लावलेलं नसतं. नुसतं 'गूंऽऽऽ'. व्हॉल्यूमचं बटण पार शून्यावर आणलं तरी गूं आहेच.

लोकांना अशा आवाजाचा त्रास होतो तो आवाज म्हणून. माझी तक्रार वेगळी आहे. तो सुराच्या जरा वर, चढा लागतो.

हे खूळ आत्याकडून आलेलं. जेल रोडला तिचा पेटीचा क्लास होता. मुलं गेली की ती घरातल्या वस्तूंची परीक्षा घ्यायची. मिक्सर कुठेच लागत नाही, म्हणून नापास. फ्रिजचं तेवढं कौतुक. तो पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या, म्हणजे पांढरी पाचच्या, जवळपास लागायचा. "पांढरी पाच आहे रे, पण जरा वर. सांग त्याला, उतर म्हणावं." मी खरंच जाऊन फ्रिजला सांगायचो. आणि एखाद्या संध्याकाळी तो उतरायचाही! दिवे पिवळे पडायचे, पंखा रेंगाळायचा आणि फ्रिज नेमका स्वरावर यायचा. आत्या घाईघाईने भाता उघडून पांढरी पाच धरायची. पेटी कुठली, फ्रिज कुठला, कळायचं नाही. मग वीजच जायची.

यातलं गणित फार उशिरा कळलं. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते आणि खालच्या सप्तकातली पांढरी पाच असते ४९ कंपनांची. फ्रिज आणि ट्रान्सफॉर्मर गुणगुणतात ते त्याच्या दुपटीने, १०० वर. म्हणजे स्वर तोच, सप्तक वरचं. तेव्हा विजेचा तुटवडा. संध्याकाळी सगळ्यांनी एकदम दिवे लावले की पन्नासाचे एकोणपन्नास व्हायचे. थोडक्यात, तिकडे नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रातली जनित्रं धापा टाकायला लागली की इकडे आमचा फ्रिज सुरात. २०१३ च्या अखेरीस दक्षिणेची ग्रीडही, म्हणजे तिथलं विजेचं जाळंही, बाकीच्या देशाला जोडली गेली आणि देशभर विजेचा ठेका एक झाला. आता तो ४९.९० ते ५०.०५ च्या आत ठेवायचा असतो. चांगलंच आहे. फक्त काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचे फ्रिज आता एकाच वेळी, अगदी सारखेच चढे लागतात. आत्याला हे सांगायचं राहिलं.

तर स्पीकर. मोबाइल लांब ठेवून पाहिला. पण फोन वाजायच्या आधीच स्पीकरमधून 'टिडिक टिडिक टर्रर्र' यायचं ते जुन्या टूजीचं काम, ते दिवस गेले. (फोन कुणाचा असेल याचा अंदाज करायला तेवढे दोन क्षण मिळायचे. मला आवडायचं ते.) लॅपटॉपचा चार्जर काढला, गूं बंद. लावला, गूं चालू. लॅपटॉपच्या पत्र्यावर हात ठेवला तर बोटांना बारीक झिणझिण्या, आणि आवाज एकदम निम्मा. भाचा म्हणाला, "मामा, चार्जरची जाडी पिन निकामी करून टाक, आवाज जातो." इंटरनेटवरही असले सल्ले ढिगाने मिळतात. अर्थिंगची पिन असते ती, शॉक लागू नये म्हणून! मी इलेक्ट्रिशियनला बोलावलं.

त्याने टेस्टर काढला, बोर्ड उघडला. तिसऱ्या भोकामागची हिरवी वायर बोर्डातच गुंडाळून ठेवलेली, पुढे कशालाच जोडलेली नाही. चार्जरमधून झिरपणाऱ्या विजेला जमिनीत उतरायला वाटच नव्हती. ती स्पीकरच्या वायरीतून गात सुटली होती.

"सगळ्या बिल्डिंगला असंच केलेलं असणार," तो म्हणाला. बिल्डरला त्याने एक शिवी घातली, सावकाश, सवयीची. मी त्याला फ्रिजची आणि पांढरी पाचची गोष्ट सांगायला घेतली होती, पण त्याचं लक्ष बाथरूमकडे होतं.

"साहेब, गिझर चालू ठेवूनच अंघोळ करता का तुम्ही?"