आधी पिना, मग काप

न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या अप्पर ईस्ट साइडला पांढऱ्या, चकचकीत विटांच्या उंच इमारतींची रांगच आहे. १९५१ च्या सुमारास मॅनहॅटन हाउस ही इमारत उभी राहिली आणि पुढे बरीच वर्षं बिल्डरांनी तशीच झिलईची वीट लावली. पावसाने आपोआप धुऊन निघेल, शहराच्या काजळीने काळी पडणार नाही, हा तिचा गुण. दोष नंतर कळला. पाणी सांध्यांतून आत शिरतं, पण झिलई त्याला बाहेर पडू देत नाही. हिवाळ्यात ते आतच गोठतं आणि विटेचा दर्शनी पापुद्रा उडवून देतं. अशा भिंती तपासणं आणि दुरुस्त करून घेणं हे माझं काम.

इथे सहा मजल्यांहून उंच इमारतीच्या बाहेरच्या भिंती दर पाच वर्षांनी तपासाव्या लागतात. १९७९ मध्ये बर्नार्ड कॉलेजची एक विद्यार्थिनी ब्रॉडवेवर वरून पडलेल्या तुकड्याने दगावली, त्यानंतर १९८० मध्ये हा कायदा आला. १९९८ मध्ये त्याची व्याप्ती वाढली. अहवालात शेरे तीनच: सेफ, अनसेफ आणि मधला, म्हणजे 'तूर्त सुरक्षित, पण दुरुस्ती हवी'. या मधल्या शेऱ्याइतका गैरवापर दुसऱ्या कशाचाच होत नाही. अनसेफ लिहिलं की लगेच खालून जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी फुटपाथवर शेड उभारावी लागते, भाडं सुरू होतं, रहिवासी चिडतात. मधलं लिहिलं की पुढच्या फेरीपर्यंत सगळे निवांत.

सध्या मी ज्या इमारतीवर काम करते आहे, तिला मागच्या फेरीत तोच शेरा होता. वीस मजले, साठच्या दशकातलं बांधकाम. कोपऱ्यावर खालपासून वर गेलेली उभी चीर, आणि बाराव्या मजल्याच्या पातळीवर विटा बोटभर पुढे आलेल्या. 'दुरुस्ती' म्हणून कोणीतरी चिरांमध्ये सीलंट भरलं होतं आणि विटा पेलणाऱ्या पोलादी अँगलखाली गंज ओघळत होता तिथेही भरलं होतं. आतली ओल बाहेर यायची उरलीसुरली वाट त्याने बुजली. कागदावर मात्र काम पूर्ण.

बाहेरच्या माणसाला वाटतं की विटांनी इमारत पेलली आहे. खरं तर इमारतीने विटा पेललेल्या असतात. दर मजल्याला स्लॅबच्या कडेला पोलादी अँगल, त्यावर एका मजल्याची वीट, आणि अँगलच्या खाली मोकळी फट. ती फट सगळ्यात महत्त्वाची. भट्टीतून निघालेली वीट वर्षानुवर्षं ओल पिऊन किंचित फुगते आणि ते फुगणं कधीच परत जात नाही. काँक्रीटचा कॉलम उलट आकसतो, भाराने आखूड होतो. मजल्यामागे फरक मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा, पण वीस मजल्यांत तो काही सेंटिमीटरवर जातो. त्या काळच्या गवंड्यांनी फट ठेवलीच नाही, सिमेंटचा माल ठासून भरला. त्यांना तसंच सांगितलेलं होतं. वर अँगलला गंज चढला, आणि गंज मूळ पोलादाच्या कित्येक पट जागा मागतो. मग नुसती कातडी म्हणून लावलेली वीट इमारतीचा भार घेऊ लागते.

इलाज म्हणजे ती फट आता कापायची. एका वेळी चार-पाच फुटांचाच तुकडा, मालाच्या रेषेत. पण आम्ही आधी काही विटा काढून आत पाहिलं, तर दर्शनी वीट मागच्या ब्लॉकच्या भिंतीला धरून ठेवणारे धातूचे बांध जवळपास नव्हतेच. जे होते ते गंजून बोटांनी मोडत होते. म्हणजे जो दाब विटा फोडत होता त्याच दाबाने त्या जागच्या जागी धरलेल्या होत्या. फट कापली की दाब जाणार, आणि मग दहा सेंटिमीटर जाडीची भिंत कशाच्या आधाराने उभी राहणार?

म्हणून मी नकाशांत लिहिलं होतं: आधी स्टेनलेस स्टीलच्या पिळाच्या पिना, मग काप. बारीक भोक पाडून विटेच्या सांध्यातून मागच्या ब्लॉकमध्ये ठोकायच्या, आणि काही पिना जागेवरच ओढून बघायच्या. पोकळ ब्लॉकमध्ये पकड कमी येते, तिथे पिनांमधलं अंतर कमी करायचं. कंत्राटदाराच्या मॅनेजरला हा वेळेचा अपव्यय वाटला. को-ऑपच्या, म्हणजे रहिवाशांच्या सहकारी संस्थेच्या, बोर्डाने पिनांची ती ओळ वगळून खर्च कमी होईल का, असं विचारलं. मी नाही म्हणाले.

त्या दिवशी झुलत्या परांचीवर मी आणि पंजाबी फोरमन होतो. पाजी विटेवर हातोडी वाजवून भिंत ओळखतात. ऑफिसात बसून अहवाल लिहिणाऱ्या निम्म्या लोकांपेक्षा त्यांचा कान विश्वासाचा. बाराव्या मजल्याच्या सांध्यात ग्राइंडर हातभर पुढे गेला आणि पातं अडकलं. मोटर बंद करून ते ओढून काढलं, तर मागची फट जवळजवळ मिटलेली. सहा मिलिमीटर कापलं होतं, तिथे पट्टीचं टोकही जाईना. वरच्या विटा खाली बसल्या होत्या. पाजी म्हणाले, "मॅडम, दीवार बैठ गई." लगेच त्यांनी हातोडीने पिनांच्या ओळी तपासल्या. वीट तसूभरही पुढे आली नव्हती.

फट पुन्हा कापावी लागली, तेव्हा कुठे ती उघडी राहिली. नंतरचं काम नेहमीचं: गंजाच्या पापुद्र्यांचा अँगल कापून काढणं, जस्ताचा मुलामा दिलेला नवा बसवणं, त्यावर फ्लॅशिंग, म्हणजे पाणी बाहेर वळवणारा थर, कडेला स्टेनलेसची पन्हळी, ओल निघायला भोकं, शेवटी लवचीक सीलंट. विटांची छटा जुळत नाही म्हणून रहिवाशांनी तक्रार केली. त्या झिलईची वीट आता सहज मिळत नाही.

फोनवर बोर्डाच्या अध्यक्षांनी विचारलं, "पण इतकी वर्षं पडली नाही ना?" मी बांधांची अवस्था आणि मिटलेली फट दोन्ही समजावून सांगितलं. पण प्रश्न डोक्यातून जात नाही, कारण नुसती फट कापून आणि सीलंट भरून 'दुरुस्त' केलेल्या इमारती मी पाहिल्या आहेत. तिथे मागचे बांध कोणी तपासले होते का, हे बाहेरून कळायला मार्ग नाही.

या इमारतीला मी अनसेफ लिहिलं आहे. मागच्या अंगणाकडची भिंत अजून उघडायची आहे. तिथल्या पिनांची ओळ अंदाजपत्रकातून काढली तर त्या नकाशांवर माझी सही होणार नाही, हे बोर्डाला लेखी कळवलं आहे. त्यांची बैठक पुढच्या आठवड्यात आहे.