माझा अनुभव : तक्रारदाराचं नाव द्यायचं की नाही

गेल्या वर्षी रिटायर झालो म्हणून आता लिहायला हरकत नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत वरिष्ठ लिपिक होतो, राहायला साताऱ्यात, रोज एसटीने येऊन जाऊन. पालिका कुठली ते सांगत नाही, माणसं अजून तिथंच आहेत. कोविडच्या आधीची गोष्ट, माहिती अधिकार कायद्याखाली बांधकाम विभागाचा जन माहिती अधिकारी (म्हणजे लोकांच्या माहितीच्या अर्जांना उत्तर देणारा) म्हणून माझ्या नावाची ऑर्डर निघाली तेव्हाची. ऑर्डर निघाली म्हणून पगार वाढला नाही की टेबल बदललं नाही, फक्त बाहेरच्या बोर्डावर नाव लागलं आणि माहिती द्यायला विनाकारण उशीर केला तर दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000, माझ्या खिशातून जाणार एवढं ठरलं. घरी बायको म्हणाली, मग घेतलंच कशाला. घेतलं नव्हतं ओ, दिलं होतं.

तर एकाच आठवड्यात दोन अर्ज आले, दोन्ही एकाच बांधकामाचे. पहिला बांधकाम करणाऱ्याच्या भावाचा : आमच्याविरुद्ध जी तक्रार झालीय तिची प्रत, तक्रारदाराच्या नाव-पत्त्यासह. दुसरा शेजारच्या बाईंचा, रिटायर्ड शिक्षिका, म्हणजे तक्रार करणाऱ्या त्याच : मंजूर नकाशाची प्रत आणि माझ्या तक्रारीवर काय केलंत ते सांगा. मामला साधाच होता, सामासिक अंतर, म्हणजे घराभोवती मोकळी सोडायची जागा, त्यात गॅलरी पुढं काढलेली. दोघांनाही दुसऱ्याचा कागद उघडा हवा होता आणि आपला झाकलेला. बाईंचं म्हणणं माझं नाव कुणाला कळता कामा नये, आणि समोरच्यांचं म्हणणं आमच्या घराचा नकाशा म्हणजे आमची खाजगी गोष्ट.

ऑफिसातला रिवाज विचाराल तर बरोबर उलटा. मंजूर नकाशा, टिपणी, जोता (पाया-चौथरा) तपासणीचा दाखला, हे सगळं लोकांनी बघायला हरकत नसलेलं, ते आमच्याकडं कपाटात कुलपात. आणि तक्रारदाराचं नाव, जे खरं झाकायचं, ते संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर. कुणी मुद्दाम सांगतं असं पण नाही. पाहणीला गेलेला माणूसच म्हणतो, बाईंनी अर्ज दिलाय म्हणून यावं लागलं बघा, नाहीतर आमचं काय. स्वतःवर वाईटपणा येऊ नये म्हणून दुसऱ्याचं नाव पुढं करायचं, सवयच लागलेली.

अर्ज आल्याच्या दुसऱ्या दिवशी बांधकाम समितीच्या सभापतींचा फोन. "ते देऊन टाका की कागद, पाहुण्यांचं काम आहे." मी विचारलं, आबा, तुम्ही सभापती म्हणून सांगताय का पाहुणे म्हणून? हसले, म्हणाले काय फरक पडतो. मी म्हटलं मला पडतो, सभापती म्हणून असेल तर सीओ साहेबांना, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांना, पत्र द्या आणि पाहुणे म्हणून असेल तर अर्ज आलेलाच आहे, मुदतीत उत्तर जाईल. फोन ठेवला त्यांनी. नंतर महिनाभर समोर आले की माझ्याकडं न बघता शेजारच्या खुर्चीला नमस्कार करायचे.

त्याहून अवघड होतं ते आमच्या साहेबांचं. माझ्या उत्तरावर पहिलं अपील ज्यांच्याकडं जातं ते प्रथम अपिलीय अधिकारी तेच, परवानगीची फाइल वर गेली ती त्यांच्या सहीने, आणि बसायचे माझ्यापासून चार पावलांवर. ते पण म्हणाले, द्या ना, कशाला वाढवताय. मी सरळ सांगितलं, साहेब आत्ता तुम्ही तोंडी काही बोलू नका, उद्या अपील तुमच्याकडंच येणार, तेव्हा खुर्चीत बसून काय ते लिहा. जरा चिडले. पण माणूस सरळ, परत त्या विषयावर बोलले नाहीत. फाइल मात्र विभागाकडून मिळेना, आज बघतो उद्या बघतो, मग मी माहिती अधिकार कायद्यातल्या कलम पाच चारचं (5(4)) पत्र काढलं. या पत्राची गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते. माहिती अधिकारी ज्याच्याकडं मदत मागतो तो माणूस त्यापुरता स्वतःच माहिती अधिकारी धरला जातो, म्हणजे उशिराचा दंड त्याच्याही गळ्यात. पत्राची पोच घेतली आणि फाइल दुपारपर्यंत टेबलावर.

मग त्रयस्थ पक्षाची नोटीस, कलम अकरा. दुसऱ्याने दिलेली किंवा दुसऱ्याबद्दलची माहिती, जी तो गोपनीय मानतो, ती द्यायचा विचार असेल तर अर्ज आल्यापासून 5 दिवसांत त्याला लेखी कळवायचं, त्याला म्हणणं मांडायला 10 दिवस. नकाशासाठी बांधकामवाल्यांना नोटीस, तक्रारीसाठी बाईंना. आता बाईंना नोटीस पाठवायची कशी? शिपाई पालिकेचा खाकी लिफाफा घेऊन त्यांच्या दारात उभा राहिला की अख्ख्या गल्लीला बातमी, मग गोपनीयतेची नोटीसच फोडणार नाव. रजिस्टर पोस्टाने पाठवली, साध्या पांढऱ्या लिफाफ्यातून. टपालवाल्या पोराला वाटलं मी पालिकेचे लिफाफे वाचवतोय.

दोघांचंही उत्तर आलं, "देऊ नये". बऱ्याच ऑफिसात इथंच विषय संपतो, त्रयस्थाने नाही म्हटलं म्हणून माहिती नाकारली असं एका ओळीत लिहून मोकळे. पण त्याची हरकत विचारात घ्यायची असते, हुकूम म्हणून नाही, ठरवायचं आपणच. नकाशा द्यायचा ठरवला. पालिकेने नियम तपासून मंजूर केलेला कागद आहे, त्यावरच तर बांधकाम बरोबर की चूक ते ठरतं, तो खाजगी कसा? फाइलमधलं आधार, पॅन, मोबाइल नंबर, बँकेचा चेक एवढं झाकलं, कलम दहा त्यासाठीच आहे, झाकायचं ते झाकून बाकीचं द्या. बाईंना म्हटलं प्रत मिळेलच, पण पूर्ण फाइल डोळ्याखालून घालायची तर सोमवारी 3 ते 5 या, 2018 च्या नोव्हेंबरात शासनाने जीआरच काढलाय, पैसे पण पडत नाहीत. आल्या, चष्मा पुसून पुसून सगळी पानं वाचली आणि टिपणीतल्या शुद्धलेखनाच्या चुका मला दाखवून गेल्या.

तक्रारीच्या प्रतीचं मात्र डोकं फिरायची वेळ आली. नाव आणि पत्ता झाकायचा, कलम आठ एक जे (8(1)(j)), वैयक्तिक माहिती. (तेव्हा या कलमात जनहित बघायची अट होती, ती 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने काढली, आता नुसतं वैयक्तिक माहिती एवढंच उरलंय. आठ दोन आहे अजून, जनहित मोठं असेल तर द्या म्हणणारं, पण कोण वापरतंय.) आमच्या झेरॉक्सवाल्या पोराने नावावर व्हाइटनर लावला आणि प्रत काढायच्या ऐवजी तोच कागद माझ्या हातात दिला. ट्यूबलाइटकडं धरला तर पलीकडून नाव स्वच्छ वाचता येत होतं. मग त्याची झेरॉक्स आणि त्या झेरॉक्सची परत झेरॉक्स. नाव गेलं. पण मजकुरात लिहिलेलं, "माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत त्यांच्या गॅलरीचं पाणी पडतं". आता त्या गॅलरीसमोर स्वयंपाकघर किती जणांचं? एकीचंच. ते वाक्य झाकलं. आणि तेवढ्यात शिपाई मागून बघून म्हणाला, "हे तर बाईंचं अक्षर."

चौथीला त्याला शिकवायला बाईच होत्या. निम्म्या पेठेला त्यांनीच मुळाक्षरं गिरवायला लावलेली, त्यांचा तो लांब शेपटीचा क कुणीही ओळखेल. नाव झाकून काय उपयोग? शेवटी तक्रारीतला बांधकामाबद्दलचा मजकूर टाइप करून दिला, ओळख पटेल असा भाग वगळून, आणि उत्तरात स्पष्ट लिहिलं की मूळ हस्तलिखित प्रत का देत नाही, कुठल्या कलमाखाली, आणि अपील कुणाकडं कधीपर्यंत करता येईल. हे कारण लिहिणं महत्त्वाचं, "गोपनीय असल्याने देता येत नाही" हे कारण नाही होत. ज्याच्यावर तक्रार झाली त्याला आरोप काय आहे ते कळलं पाहिजे, हे त्याचं म्हणणं मला पटतंच, पण गॅलरी पुढं आलीय की नाही ते टेपने कळतं, त्याला नाव कशाला लागतं.

अपेक्षेप्रमाणे अपील झालं, 20 रुपयांचा स्टॅम्प लावून. साहेबांच्या केबिनमध्ये सुनावणी. अर्जदार, म्हणजे बांधकामवाल्याचे भाऊ, म्हणाले, "नाव आम्हाला माहितीच आहे, सगळ्या गावाला माहितीय, मग लपवताय काय?" साहेबांनी विचारलं, माहिती आहे तर मागताय कशाला? "कागदावर पाहिजे." बस्स, हे एक वाक्य मी साहेबांना आदेशात घ्यायला लावलं. कागदावर कशाला पाहिजे ते केबिनमधल्या सगळ्यांना कळलेलं, बाईंवर बदनामीचा दावा टाकायची भाषा ते बाहेर करतच होते. गावाला माहीत असणं वेगळं आणि पालिकेने सही-शिक्क्यानिशी नाव हातात देणं वेगळं. आदेश माझ्या बाजूने झाला, आणि खरं सांगायचं तर मला वाटलेलं साहेब फिरवतील.

ते भाऊ पुढं पुण्याला, माहिती आयोगाच्या खंडपीठाकडं दुसऱ्या अपिलात गेले. तिथली तारीख लागायला इतका काळ गेला की मधे कोविड येऊन गेला, आणि सुनावणीला अर्जदार आलेच नाहीत. गॅलरीला नोटीस गेली, थोडी कापली, थोडी राहिली, उरलेल्याचा दंड भरून नियमित करायचा प्रस्ताव. बाईंना ते काही पटलं नाही, अजून भेटल्या की ऐकवतात.

या सगळ्यात मी एक गोष्ट जोर लावून करून घेतली होती ती म्हणजे बारनिशी हलवली. आवक नोंदीचं ते भलंमोठं रजिस्टर खिडकीतच उघडं पडलेलं असायचं, पोच घ्यायला आलेला कुणीही पानं उलटून कुणी कुणावर अर्ज टाकलाय ते वाचून जायचा, नावासकट. माहिती अधिकाराचा अर्ज करायची गरजच नाही. ते आतल्या टेबलावर नेलं आणि तक्रारींना नुसता नंबर द्यायचा ठरलं. रिटायर व्हायच्या आठवड्यात बघितलं तर रजिस्टर परत खिडकीत. नवीन पोराला विचारलं तर म्हणाला, "काका, आत ठेवलं की प्रत्येक पोचेला उठायला लागतंय."