कॉस्टिंगच्या तासाला जांभा दगड

आमच्या कॉलेजाने गेल्या वर्षी असे ठरवले की पृथ्वी, पाणी आणि माती हा विषय भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरता न ठेवता प्रत्येक शाखेच्या प्राध्यापकाने आपापल्या विषयातच निदान तीन आठवडे शिकवावा, आणि कॉस्टिंग, म्हणजे खर्चाचा हिशेब, शिकवणाऱ्या माझ्याही वाट्याला तो आला. मला तेव्हा राग आला होता. बेळगावात बी.कॉम. केलेल्या, दहावीनंतर विज्ञानाशी संबंध सुटलेल्या मला अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या मुलांना भूजल शिकवायला सांगणे हा माझ्यावर आणि त्या मुलांवरही अन्याय आहे, असे मी बैठकीत बोलूनही दाखवले.

हा नियम काही आमच्या कॉलेजाच्या मनात एकाएकी आलेला नव्हता. याच राज्यात नॉर्थफील्ड नावाच्या छोट्या गावी कार्लटन कॉलेज आहे. तिथून २०१२ साली सरकारी विज्ञान निधीच्या मदतीने ‘इन्टिग्रेट’ नावाचा मोठा प्रकल्प सुरू झाला. पृथ्वीविज्ञान सर्व शाखांच्या वर्गांत न्यायचे, हा त्याचा हेतू होता. त्यातून तयार झालेले पाठ आजही कोणालाही विनामूल्य मिळतात. गोड्या पाण्याच्या न्याय्य वाटपावरचा एक पाठ स्पॅनिश भाषेच्या वर्गासाठी बेतलेला आहे, तर साहित्याच्या वर्गासाठी कथा-कादंबऱ्यांतून हवामानशास्त्राकडे नेणारा पाठ आहे. पाठ वेगवेगळ्या संस्थांतल्या प्राध्यापकांनी मिळून लिहायचा आणि प्रत्यक्ष वर्गात शिकवून पाहिल्यावरच तो सर्वांसाठी खुला करायचा, ही त्यांची शिस्त मला मनापासून आवडली.

माझ्या वाट्याला आलेला प्रश्न नायट्रेटचा होता. मिनेसोटाच्या आग्नेय भागात मातीचा थर पातळ आहे आणि खाली भेगाळलेला चुनखडक आहे, त्यामुळे शेतातले खत आणि गोठ्यातले शेण यांच्यातून सुटणारे नायट्रेट फारसे न गाळताच विहिरींत उतरते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटमधील नायट्रोजनची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे; त्याहून अधिक झाल्यास तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेने इथल्या आठ काउंट्यांसाठी, म्हणजे जिल्ह्यांसाठी, राज्य सरकारला तातडीने पावले उचलण्यास सांगितले. आता एखाद्या लहान गावाने नवी खोल विहीर पाडावी की शुद्धीकरण यंत्र बसवावे, हा सरळ कॉस्टिंगचा प्रश्न आहे. मात्र तो सोडवताना मुलांच्या लक्षात आले की खताचा खर्च शेतकऱ्याच्या वहीत दिसतो, यंत्राचा खर्च गावाच्या वहीत दिसतो, पण एका वहीतून दुसऱ्या वहीत जाणारी ती रक्कम कोणत्याच खात्यावर पडत नाही. पंधरा वर्षे हा विषय शिकवूनही ही गोष्ट मी कधी वर्गात मांडली नव्हती.

त्या आठवड्यात भूशास्त्राच्या सहकारी बाई माझ्या वर्गात आल्या आणि त्यांनी चुनखडकाच्या तुकड्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकून तो फसफसताना दाखवला. मग त्यांनी मला विचारले, “तुमच्या गावाखाली कोणता दगड आहे?” मी म्हणाले, जांभा, आणि त्यापुढे मला काही सांगता आले नाही.

दिवाळीत बेळगावजवळच्या आमच्या गावी, येळ्ळूरला गेले तेव्हा पडलेल्या गोठ्याच्या भिंतीतल्या चिऱ्याचा मुठीएवढा तुकडा मी घेतला. अमेरिकेत परवान्याशिवाय माती आणता येत नाही, म्हणून आईने दात घासायच्या जुन्या ब्रशने त्याचे एकेक भोक स्वच्छ करून दिले. जानेवारीत मी तो वर्गातल्या टेबलावर ठेवला आणि त्यावर पेलाभर पाणी हळूहळू ओतले. पाणी वरून ओघळले नाही. भोकाभोकांतून आत शिरले आणि थोड्या वेळाने तळाशी तांबूस थेंब जमू लागले. लाखो वर्षांचा पाऊस आणि ऊन खाऊन काळ्या दगडातली वाळूची आणि चुन्याची द्रव्ये वाहून जातात, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहते आणि जांभा तयार होतो. जमिनीत असताना तो मऊ असतो आणि वारा लागल्यावर घट्ट होतो. आपल्या गवंड्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. चोवीस मुले त्या तुकड्याभोवती उभी होती आणि मला आपल्या मातीचा फार अभिमान वाटला.

इथे मला आपली बाजूही मांडायची आहे. पर्यावरणाचे शिक्षण सर्वांना द्यावे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच सांगितले आणि २००४ पासून कोणत्याही शाखेच्या पदवीसाठी तो विषय अनिवार्य झाला. देशभर लागू असलेला असा नियम अमेरिकेत नाही. तो पेपर मीही दिला आहे. ओझोनच्या थरावर पाच गुणांचे उत्तर लिहिले आणि चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाले. परंतु मलप्रभा खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला उगम पावून पूर्वेला कृष्णेकडे जाते आणि त्याच तालुक्यातली म्हादई पश्चिमेला गोव्याकडे उतरते, आणि म्हादईच्या पाण्याच्या वाटपासाठी २०१० साली लवाद नेमावा लागला, हे त्या पेपरसाठी मला कोणी शिकवले नाही. दोष शिक्षकांचा नव्हता. सव्वाशे मुलांच्या वर्गात, ठरलेल्या पुस्तकातून, वर्षअखेरीच्या परीक्षेसाठी त्यांनी जे केले त्याहून अधिक मीही करू शकले नसते. मी इथे आले ते चोवीस मुलांच्या वर्गासाठीही आले, हे मला कबूल करायला हवे.

तरीही वाटते की वेगळा पेपर ठेवण्यापेक्षा आपल्याच विषयात हे यावे. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचे पाणी शहापूर, वडगाव आणि येळ्ळूरच्या शिवारात शिरून बासमती कुजते तेव्हा वाणिज्याच्या वर्गाने विचारावे की नाल्याकाठच्या भरावाचा खर्च कोणी मांडला आणि पिकाच्या नुकसानीचा कोणी. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर इतिहासाच्या वर्गाने आतून पाहावी. नळाला पाणी राकसकोप आणि हिडकलच्या जलाशयांतून येऊ लागले, म्हणून परसातल्या विहिरी संपलेल्या नाहीत.

आप्पा आता दर महिन्याच्या एक तारखेला दोरीला दगड बांधून आमच्या विहिरीतले पाणी मोजतात आणि मला फोनवर खोली ‘परस’ या जुन्या मापात सांगतात. एक परस किती फूट धरायचे, यावर आमचे दोनदा मतभेद झाले, म्हणून मी त्यांना दोरीवर फुटांच्या गाठी मारायला सांगितल्या. त्यांचे आकडे माझ्या मुलांच्या तक्त्यात विजेच्या बिलाशेजारच्या रकान्यात जातात. मागच्या रविवारी आप्पा म्हणाले, “बाई, पंपाचं बिल तेवढंच आहे, पण दोरी दोन गाठी जास्त सोडावी लागली.”